दोन इस्पिक, आणि मी म्हटलं पास

मंडळी, कोजागिरीला आपल्याकडे मसाला दूध आणि पत्ते हे ठरलेलंच. आम्हा सुरतकरांच्या घरात त्या रात्री आणखी एक गोष्ट असते, दुसऱ्या दिवशीच्या चंदी पडव्यासाठी आणलेली घारी. तो डबा सकाळपर्यंत उघडायचा नाही, म्हणून जागरण जरा जड जातं. मागच्या कोजागिरीला मात्र मला घारीची आठवणसुद्धा झाली नाही. अडाजणच्या आमच्या गच्चीवर त्या रात्री मी बाबांचा एक डाव असा घालवला की दोन दिवस घरात नीट बोलणं नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते. बाबा मूळचे भुसावळचे. नोकरीसाठी ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेला आले आणि इथलेच झाले. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर ते जवळजवळ तीस वर्षं ब्रिज खेळले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका गेले आणि बाबांनी पत्त्यांचा डबा माळ्यावर टाकला. दीड वर्ष तो तिथेच होता. मी मोबाइलवर ब्रिज शिकले, ते खरं तर तो डबा खाली यावा म्हणून.

ज्यांनी मेंढीकोट आणि जजमेंट खेळलंय त्यांना ब्रिज अर्धं येतंच. चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. जजमेंटसारखं आधी सांगायचं की किती हात करणार. फरक इतकाच की इथे दोघा भिडूंनी मिळून सांगायचं, आणि तेही फक्त बोलीतून. ‘एक इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम आणि सहा अधिक एक असे सात हात. ‘सहा इस्पिक’ म्हणजे बारा हात. सहाची बोली लावून ती पुरी केली तर मोठं बक्षीस, त्याला स्लॅम म्हणतात.

आता तो डाव. बाबांच्या हातात इस्पिकची सात पानं: एक्का, राजा, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, तिर्री. शिवाय बदामचा एक्का आणि पंजी, चौकटचे राजा, राणी आणि चव्वी, किलवरची एकुलती दुर्री. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे गुण मोजले तर होतात 19. पण अशा पानांचं वजन गुणांत नसतं, हातांत असतं. इस्पिकचे सात हात, बदामचा एक आणि चौकटचा एक, म्हणजे भिडूकडे काही नसलं तरी नऊ हात जवळजवळ खिशात.

बाबा म्हणाले, "दोन इस्पिक."

माझ्याकडे इस्पिकची दोन बारकी पानं, बदामचा राजा, चौकटचा एक्का, बाकी किरकोळ. मी मोबाइलवर शिकले होते की ‘दोन इस्पिक’ म्हणजे सहा इस्पिक आणि सहा ते दहा गुणांची कमजोर पानं. समोरच्यांची वाट अडवायला केलेली बोली. माझे गुण सात. दोघांचे मिळून फार तर सतरा. मी शांतपणे म्हटलं, "पास."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानं खेळायला घेतली. शेजारच्या पटेलकाकांनी किलवरचा एक्का मारला. दुसऱ्या किलवरवर बाबांनी हुकूम टाकला आणि मग एकही हात सोडला नाही. बारा हात! बोली आठाची असल्यामुळे मिळाले 230. सहा इस्पिक बोललो असतो तर 980. काकू हळूच म्हणाल्या, "बेन, आ तो स्लॅम हतो!" बाबा पानं गोळा करत एवढंच म्हणाले, "तो असता तर पास म्हटलं नसतं." ते बोलणं काकांबद्दल होतं, आणि ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं तेव्हा कळलं की चूक दोघांचीही नव्हती. हार्वर्ड व्हँडरबिल्ट नव्हे, हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट (मीही आधी गोंधळले होते) या अमेरिकन माणसाने 1925 साली एका बोटीच्या प्रवासात आजच्या ब्रिजचे गुण ठरवले. पुढे इली कल्बर्टसन यांच्या पद्धतीत दोनची बोली म्हणजे अतिशय भारी पानं, भिडूने पास म्हणायचंच नाही. लंडनच्या एका रस्त्यावरून ज्या पद्धतीला ‘अ‍ॅकोल’ नाव पडलं, तीतही दोनची बोली म्हणजे लांब, भक्कम रंग आणि साधारण आठ हात. बाबा आणि काका हेच शिकले होते.

पण इतकी भारी पानं रोज कुठे येतात? म्हणून पुढच्या खेळाडूंनी सगळी भारी पानं एकाच बोलीत घातली, ‘दोन किलवर’. या बोलीचा किलवरशी काही संबंध नाही, ती फक्त सांगते, ‘माझ्याकडे खूप आहे, थांबू नकोस.’ बाकीच्या दोनच्या बोल्या कमजोर पानांसाठी मोकळ्या झाल्या. आमचा डाव असा गेला असता: बाबा दोन किलवर, मी दोन चौकट, म्हणजे ‘ऐकतेय, बोला’. बाबा उडी मारून तीन इस्पिक, म्हणजे ‘हुकूम ठरला, तुझे एक्के सांग’. मी चार चौकट, चौकटचा एक्का. बाबा चार बदाम, त्यांचा बदामचा एक्का. मी पाच बदाम, माझा राजा. बाबा सहा इस्पिक.

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." आधी म्हणाले, "अगं, कशाला आता?" मग चहा झाला आणि चार पानं भरली. दोन किलवर त्यांनी मान्य केलं. बदल्यात मला आणखी दोन बोल्या पाठ कराव्या लागल्या. एक ‘नामयात्स’: चार किलवर म्हणजे बदामचा लांब, भक्कम रंग, चार चौकट म्हणजे इस्पिकचा. सॅम स्टेमन या खेळाडूचं आडनाव इंग्रजीत उलटं लिहून हे नाव केलंय. दुसरी ‘जुगारी’ तीन नो-ट्रम्प: किलवर किंवा चौकट यांपैकी एकाची एक्का-राजा-राणीसकट सात पानं, बाहेर जवळपास काही नाही. ही बाबांना इतकी आवडली की तसली पानं यावीत म्हणून ते आता वाट बघतात.

स्पर्धेत अशी वही सक्तीचीच असते. प्रत्येक जोडी आपले संकेत कार्डावर लिहून ठेवते आणि समोरच्यांना ते विचारायचा हक्क असतो. गुपित काही नाही. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आलं, तेव्हा प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. वर्धन तेव्हा साठीचे होते. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या, माहेरच्या फणसळकर. तेव्हा हा खेळ फक्त निवृत्तांचा वेळ घालवायचा आहे, असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

आता आम्ही रविवारी संध्याकाळी खेळतो. डबा माळ्यावर जात नाही. चुका होतात, पण त्या आता वहीत जातात. तुमच्याही घरी आई-बाबा, आजोबा किंवा मामा असा एखादा डबा ठेवून बसले असतील. या कोजागिरीला तो उतरवा. फक्त पानं वाटायच्या आधी पाच मिनिटं बसून विचारून घ्या की तुमच्या ‘दोन इस्पिक’चा अर्थ काय.

आमच्या वहीतली शेवटची ओळ बाबांच्या अक्षरात आहे: ‘शंका आल्यास पास म्हणू नये.’