थेंबाचा मार आणि वाडीची ढाल

पनवेलच्या आसपास डोंगरउतारावर जी हलकी जमीन असते, तिला वरकस म्हणतात. नाचणी आणि वरी ही तिची पिके. पण जंगल तुटले की हीच माती पावसाबरोबर ओढ्याला जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. असे का होते? एक साधा हिशेब करू या.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक किलोग्रॅम पाणी. मोठे थेंब सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने येतात. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे गतिज ऊर्जा ३२ ज्यूल झाली. एक किलोचे वजन सव्वातीन मीटरवरून टाकावे, तेवढा हा मार! कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. या माराने मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही. ते माती घेऊन धावत सुटते.

मग नुसती झाडे लावली की झाले? नाही. सागासारख्या रुंद पानांवर थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतात. म्हणून झाडाखाली गवत किंवा पालापाचोळा हवाच.

कृषिवनशेतीचे मर्म या थरांत आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने १९८२ साली दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसह 'वाडी' सुरू केली. पुढे ती जव्हारकडेही आली. साधारण एक एकरात आंबा-काजूची कलमे, कडेने जळण-चाऱ्याची झाडे, ओळींमध्ये नेहमीचे पीक आणि उतारास आडवे चर, अशी ही रचना. कलमांना फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर मधले पीक घर चालवते. कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीला देतात, आणि त्याचा पाला खत होतो. महाराष्ट्र शासनानेही १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली.

पण मोकाट गुरे आणि वणवा एका उन्हाळ्यात सारी लागवड संपवू शकतात. त्यांना आवरणे एकट्या शेतकऱ्याला जमत नाही. तिथे सारा गाव एक व्हावा लागतो.

येत्या पावसात एवढे करा: एक पांढरा पुठ्ठा उघड्या मातीत आणि दुसरा पाचोळा पसरलेल्या मातीत उभा रोवा. सर थांबल्यावर चिखलाचे शिंतोडे किती उंच गेले, ते पट्टीने मोजा.