मॉल्व्हर्नचे सुतार

मॉर्गन मोटारीची चॅसी लाकडाची असते, असं मोटारींचे दर्दीसुद्धा ठासून सांगतात. तसं नाही. वजन पेलणारी चॅसी धातूचीच. आधी पोलादाची, आता ॲल्युमिनियमची. लाकडी असतो तो वरचा सांगाडा. त्याच्यावर दारं टांगतात, पत्रा चढवतात.

इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यात, मॉल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी, एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९१०च्या सुमारास तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या. वजनाला हलक्या, शिवाय कर मोटरसायकलच्या हिशेबाने. चारचाकी ‘फोर-फोर’ आली १९३६मध्ये. इंजिनं मात्र कायम परक्यांची : फोर्ड, रोव्हर, बीएमडब्ल्यू.

सांगाड्याला ॲश झाडाचं लाकूड लागतं. कुऱ्हाडीचे दांडे आणि क्रिकेटचे स्टंप याचेच. चिवट, धक्का खाऊन न तुटणारं. खरं कसब मागच्या चाकावरच्या कमानीत आहे. पातळ फळ्यांना सरस लावून एकीवर एक तीन ठेवायच्या, वक्र साच्यात घालून शिकंज्यांनी आवळायच्या. सरस वाळला की बाक कायमचा. मग पटाशी, कानस, रंधा. दार त्या एका गाडीच्या चौकटीला तासूनच बसवतात. शेजारच्या गाडीला ते नीट बसेलच असं नाही. विटांच्या जुन्या शेड उतारावर असल्याने अर्धवट गाडी माणसं ढकलतच पुढच्या शेडमध्ये नेत.

याला परंपरेचं प्रेम म्हणणं सोपं आहे. मला त्यात रोकडा हिशेब जास्त दिसतो. पत्र्याचे भाग प्रेसवर काढायचे तर अवजड डाय करावे लागतात आणि त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. वर्षाला काहीशे गाड्या काढणाऱ्याला सुतारच स्वस्त.

१९९०मध्ये बीबीसीच्या ‘ट्रबलशूटर’ कार्यक्रमासाठी आयसीआयचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वी-जोन्स इथे आले. गाडीसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं ताटकळत होती. उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, असा सल्ला त्यांनी दिला. कंपनीचे प्रमुख पीटर मॉर्गन यांनी तो धुडकावला. टीव्हीवर हट्टी म्हातारा असंच ते चित्र दिसलं. पण मंदीत रिकाम्या पडणाऱ्या मोठ्या कारखान्यापेक्षा लांब रांग बरी, हे त्यांचं गणित वेडगळ नव्हतं.

नव्याशी कंपनीचं वाकडंही नव्हतं. २०००च्या ‘एरो ८’ला चिकटवून जोडलेली ॲल्युमिनियम चॅसी होती, वर सांगाडा ॲशचाच. मडगार्डसाठी पत्रा तापवून मऊ करतात आणि हवेच्या दाबाने साच्यावर बसवतात. तिथे हातोडा केव्हाच मागे पडला. २०१९मध्ये बहुतांश मालकी इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूकदार गटाकडे गेली, तरी नव्या चारचाकींत लाकूड राहिलं. २०२२च्या तीनचाकी ‘सुपर ३’मधून मात्र ते गेलं. तिचं ॲल्युमिनियमचं कवचच भार पेलतं, त्यामुळे सांगाडा नाही आणि त्या गाडीपुरतं सुतारांना कामही नाही.