खेळाडू विद्यार्थी आणि मोबदल्याचा प्रश्न

नागपूरच्या धंतोली भागातील यशवंत स्टेडियमचे नाव हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चांमुळे वृत्तपत्रांत झळकते. मूलतः ते खेळाचे मैदान आहे. अशा एखाद्या मैदानावर पहाटे सराव करणारा विद्यार्थी दिवसा वर्गात बसतो आणि सायंकाळी पुन्हा सरावाला जातो. त्याने जिंकलेली ढाल प्राचार्यांच्या दालनात मांडली जाते, त्याचे छायाचित्र महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात येते. शिष्यवृत्तीपलीकडे त्याला काही द्यावे काय, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. शिष्यवृत्ती ही शिक्षणासाठी दिलेली मदत, तर वेतन हा श्रमाचा मोबदला होय. ‘हौशी’ खेळाडूने पैशाला स्पर्श करू नये, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या सुखवस्तू वर्गात रुजली. पोटाची चिंता नसलेल्यांना ती परवडत होती. जिम थॉर्प या अमेरिकेतील आदिवासी खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविली. परंतु पूर्वी किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो. मात्र शिक्षकाचे घर गहाण पडावे लागले, यातून व्यवस्थेची उणीवच दिसते, हे आपण सहसा बोलत नाही.

अमेरिकेत विद्यापीठीय फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या प्रक्षेपणातून प्रचंड उत्पन्न मिळते. तेथे १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. उत्पन्नात वाटा, हा तेथील युक्तिवाद. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तिकीटच नसते. त्यामुळे तो येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे प्रश्न वेळेचा, आहाराचा आणि शरीराचा आहे.

‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. मोबदल्याचे तत्त्व शासनाने अशा रीतीने मान्य केलेलेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु निवड मोजक्यांचीच होते आणि कामगिरीचा आढावा घेऊन खेळाडू वगळलेही जातात. ज्याचा गुडघा महाविद्यालयासाठी खेळताना निकामी झाला, त्याच्या उपचारांचा खर्च बहुधा घरचेच सोसतात. वेतनाचा वाद मिटेपर्यंत निदान दुखापतीचा विमा आणि सरावकाळातील आहारभत्ता यांची तरतूद महाविद्यालयांनी करावयास हरकत नसावी.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या परिचयातील एखाद्या महाविद्यालयीन खेळाडूचा बूट, आहार, प्रवास व औषधोपचार यांवरील महिन्याचा खर्च विचारून लिहा आणि त्यांपैकी कोणता भाग कोण उचलतो, ते नोंदवा.