वेबसाइटची विद्या आणि तिची किंमत

तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक, विनाअनुदानित शाळेत पगाराची वाट पाहणारे बी.एड. झालेले तरुण, पदवी घेऊन घरच्या शेतीकडे परतलेली मुले, हे सारे हल्ली एक प्रश्न पुष्कळदा विचारतात. "सर, वेबसाइट बनवायला शिकून धंदा बदलता येईल का? शहरातले क्लासवाले फार पैसे मागतात. भरावेत का?" यात प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर जरा लांबीचे आहे. दुसऱ्याचे मात्र लगेच देता येते: निदान पहिले तीन महिने एक रुपयाही भरू नये.

आधी हे काम काय आहे ते पाहू. तुम्ही सातबारा उतारा संगणकावर पाहिला असेल. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचे, गट नंबर टाकायचा. तुमच्या पडद्यावर दिसते ती पुढची बाजू. तुम्ही बटण दाबले की ती विनंती दूर कोठेतरी असलेल्या मोठ्या संगणकाकडे जाते, तेथल्या दप्तरातून तुमच्या गटाची नोंद शोधली जाते आणि पानावर मांडून परत पाठवली जाते. ती मागची बाजू. पुढची बाजू रचणारे आणि मागची बाजू चालवणारे असे या धंद्यात दोन प्रकारचे कारागीर असतात. दोन्ही जाणणारेही पुष्कळ असतात.

पुढच्या बाजूला तीन भाषा लागतात. लग्नपत्रिका डोळ्यांपुढे आणा. वर गणपती, मग वधूवरांची नावे, मग मुहूर्त, मग स्थळ, खाली निमंत्रक. कोणता मजकूर काय आहे हे सांगते ती एचटीएमएल. नावे मोठ्या टाइपात, शाई लाल, भोवती वेलबुट्टी, हे ठरवते ती सीएसएस. आणि ही पत्रिका पडद्यावर असेल, स्थळाच्या नावावर बोट ठेवताच नकाशा उघडावा आणि 'किती जण येणार' हे तेथेच भरता यावे असे वाटत असेल, तर तिसरी, जावास्क्रिप्ट. पहिल्या दोन भाषांची ओळख कोणाही चिकाटीच्या माणसाला महिन्या-दीड महिन्यात होते. तिसरीला वेळ लागतो, कारण तेथे खरा विचार करावा लागतो. बहुतेक जण गळतात ते येथेच. क्लासची जाहिरात ही गोष्ट सांगत नाही.

आता किमतीकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांसाठी खुली केली. कोणीही वापरावी, कोणाला पैसे देणे नाही. त्यामुळे या विद्येला पहिल्यापासून कुलूप नाही. कोणतेही पान उघडा, संगणकावर कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबा, त्या पानाची एचटीएमएल तुमच्यापुढे उघडी पडते. सोनाराने आपली मूस गिऱ्हाइकाला दाखवावी असा हा प्रकार!

मग क्लासवाला पैसे कशाचे घेतो? तीन गोष्टींचे: वेळापत्रकाचे, अडल्यावर विचारायला माणूस असल्याचे आणि सोबतीचे. या गोष्टी फुकट नसतात आणि फालतूही नसतात. पण आपल्याला यांपैकी कशाची उणीव आहे हे कळल्याशिवाय ती विकत घेण्यात अर्थ नाही.

विद्या फुकट कोठे मिळते ते आता सांगतो. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आपल्याकडच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल, कारण त्यातील पुष्कळ पाठ मराठी निवेदनासह आहेत. पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर जे दाखवतात ते थोडे ऐकायचे, थांबवायचे, आपल्या यंत्रावर करून पाहायचे, पुन्हा पुढे चालू करायचे. पाठ उतरवून ठेवता येतात, म्हणजे रेंज गेली तरी अडत नाही. इंग्रजी वाचता येत असेल तर २०१४ मध्ये सुरू झालेले 'फ्रीकोडकॅम्प' घ्या. ही ना-नफा संस्था आहे. वाचत वाचत तेथेच लिहून पाहायचे, आणि प्रमाणपत्रालाही पैसे नाहीत. 'द ओडिन प्रोजेक्ट' हाही तसाच विनामूल्य, पण तो विद्यार्थ्याचे बोट फार धरत नाही. ज्याला स्वतः धडपडायची सवय आहे त्याने तेथे जावे. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस५०' हा संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम कोणालाही घरबसल्या मोफत पाहता येतो. तो कठीण आहे, आणि इंग्रजी कानावरून जायला हवी. शब्दकोश जसा उशाशी असतो तसे 'एमडीएन' हे मोझिलाचे संदर्भस्थळ नेहमी जवळ असावे.

सरकारी छाप हवी असणाऱ्यांसाठी 'एनपीटीईएल' आणि २०१७ पासूनचे 'स्वयम्' आहे. शिकणे मोफत, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. एनपीटीईएलमध्ये ते एका विषयाला हजार रुपयांच्या आसपास असते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते; म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे.

मात्र एक खर्च टळत नाही, तो यंत्राचा. मोबाइलवर पाठ पाहता येतात, पण त्यावर कोड लिहिणे म्हणजे चमच्याने विहीर खणणे. नवा लॅपटॉप नकोच. वापरलेला, आठ जीबी स्मृती असलेला, चालू स्थितीतला घ्या. त्यावर लिनक्स घाला, ती फुकट आहे. कोड लिहायचा 'व्हीएस कोड' फुकट. तयार केलेले साधे पान जगाला दाखवायला 'गिटहब पेजेस'वर जागाही फुकट मिळते.

काही ठिकाणी पैसे देणे मला योग्य वाटते. आयटीआयमधील 'कोपा' हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम दहावीनंतरच्या मुलांसाठी, सरकारी शुल्कात. मद्रासच्या आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेला ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रम मुख्यतः डेटा सायन्सचा आहे, पण त्यातील प्रोग्रॅमिंगच्या पदविकेत वेबवरील ॲप बनवण्याचे विषय येतात. मधल्या टप्प्यावर थांबता येते आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील काही विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते. अभियांत्रिकी किंवा तत्सम पदवी असेल तर सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा 'डॅक' अभ्यासक्रम आहे. त्याचे शुल्क लाखाच्या आसपास जाते, पण प्रवेश-परीक्षेची चाळणी असल्याने सोबतीची मुले तयारीची असतात.

आता कर्जाविषयी. 'आता काहीच भरू नका, सोप्या हप्त्यांनी द्या' असे सांगून तुमच्याकडून मोबाइलवर काही ठिकाणी सही घेतात. पुष्कळदा तो क्लासचा हप्ता नसतोच. एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेले ते कर्ज असते. क्लासला ते पैसे एकरकमी मिळालेले असतात. तुम्ही दुसऱ्या महिन्यात क्लास सोडलात तरी कर्ज तुम्हाला सोडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना नेमक्या अशा गोष्टींबद्दल सावध केले होते. आईच्या पाटल्या गहाण ठेवून असा क्लास लावायला निघालेल्या मुलाला गुरुजींनी निदान एक दिवस थोपवावे, करारपत्र मोठ्याने वाचायला लावावे.

दुसरी भूल नोकरीच्या हमीची. अमेरिकेतील 'लॅम्ब्डा स्कूल' २०१७ मध्ये निघाले तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. फी नंतर, नोकरी लागल्यावर पगाराच्या १७ टक्के. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते असे ते जाहीर करीत. पुढे तेथील ग्राहक-वित्त संरक्षण खात्याने तपासले, तेव्हा संस्थेच्या स्वतःच्या कागदांत हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली आढळला. एप्रिल २०२४ मध्ये त्या संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी झाली. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नोकरीच्या खोट्या हमीला त्यांत मनाई आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि क्लासवाला 'नव्वद टक्के' म्हणाला की एवढेच विचारा: 'किती जणांपैकी? ज्यांनी मध्येच सोडले ते धरून का?'

राहिला पहिला प्रश्न, धंदा बदलता येईल का? येतो, बदललेली माणसे आहेत. पण २०२२ च्या अखेरीपासून साधे पान लिहून देणारी यंत्रे आली. नुसती एचटीएमएल येणाऱ्याला जी कामे पूर्वी मिळत, ती आता यंत्र करते. काम मिळते ते यंत्राने लिहिलेले चूक की बरोबर हे ओळखणाऱ्याला, आणि ती ओळख मागची बाजू, दप्तर, सुरक्षितता शिकल्याशिवाय येत नाही. रोज दोन तास दिले तरी माझ्या अंदाजाने वर्ष-सव्वा वर्ष जाईल. तेवढ्यात हातची नोकरी सोडू नका, ती तुटपुंजी असली तरी. पहिले काम बहुधा मोठ्या कंपनीत मिळत नाही. तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्याकडे मिळते. पैसे थोडे, पण दाखवायला काहीतरी होते.

तेव्हा पहिल्या महिन्यात एवढेच करा. गावच्या आठवडे बाजाराचे एक पान बांधा: वार, वेळ, काय काय येते, एसटी कोठून मिळते. तुम्ही मराठीत लिहाल आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतील. घाबरू नका. पानाच्या डोक्याशी यूटीएफ-८ ची एक ओळ राहिलेली असते. ती ओळ स्वतः शोधून काढताना मजा वाटली तर पुढच्या पाठाला लागा; नुसता वैताग आला तर तेथेच थांबा, तुमचे काहीच गेलेले नाही. आणि ज्या गुरुजींच्या शाळेत संगणक-कक्षाला चार वाजता कुलूप लागते, त्यांनी मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून आठवड्यातून दोन संध्याकाळी ते माजी विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवता येते का ते पाहावे. विजेचे बिल आणि किल्ली कोणाकडे राहील, हे मात्र आधीच लिहून ठेवावे.