शुद्ध इंग्रजी आणि सहज इंग्रजी

व्याकरणाचे नियम निमूटपणे पाळले की इंग्रजी वाक्य आपोआप शिष्टसंमत होते, अशी जी समजूत शाळेच्या बाकापासून कचेरीच्या मेजापर्यंत आपल्याकडे रूढ आहे, ती निराधार होय. कारण व्याकरण शब्दाला वाक्यात जागा नेमून देते, परंतु त्याच्या शेजारी कोणी बसावे याचा निवाडा व्याकरणाच्या अखत्यारीत येत नाही. कडक चहाला इंग्रज ‘स्ट्राँग’ म्हणतो आणि दमदार मोटारीला ‘पॉवरफुल’. दोन्ही विशेषणांचा अर्थ बराचसा एक, दोन्हीकडे व्याकरण निर्दोष, आणि तरीही, हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने दाखवल्याप्रमाणे, त्यांची अदलाबदल केली की ऐकणारा अडखळतो. पाऊस ‘हेवी’, वारा मात्र ‘स्ट्राँग’. चुकीला ‘मेक’ लागते, गृहपाठाला ‘डू’. याची उपपत्ती दस्तुरखुद्द इंग्रजाला विचारली तरी तो बहुधा खांदेच उडवील, कारण हा सगळा वहिवाटीचा मामला आहे. म्हणूनच समानार्थी शब्दांच्या यादीतून भारदस्त शब्द उचलण्याची आपली खोड घातक ठरते. ‘बिगिन’च्या जागी सर्रास ‘कमेन्स’ लिहिणाऱ्याची विद्वत्ता वाचकाला दिसत नाही, यादी तेवढी दिसते.

हे मर्म विलायतेत राहिल्यावाचून उमगायचे नाही, असेही पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती मोठी मौजेची आहे. अशा शब्दसंगतींचा पद्धतशीर संग्रह हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला तो टोकियोत. आणि जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पुढ्यात ठेवून हॉर्नबी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रचलेला कोशही १९४२ मध्ये, जपान आणि इंग्लंड परस्परांशी लढत असताना, त्याच शहरात छापला गेला. पुढे १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला, आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हाती असलेला ऑक्सफर्डचा जाडजूड विद्यार्थिकोश हा त्याचाच वंशज होय.

राहता राहिले आपल्या दफ्तरी पत्रांतले ‘डू द नीडफुल’, ज्याला देशी कारकुनाचे अडाणी अपत्य मानून सुशिक्षित लोक हसतात. हा प्रयोग एके काळी खुद्द इंग्लंडात प्रचलित होता. इंग्रजी अमलाबरोबर तो इकडे आला, तिकडे यथाकाल मागे पडला आणि येथल्या खलित्यांत मात्र मुक्काम ठोकून राहिला. मुंबईच्या कचेरीत तो आजही फारसा कोणाला खटकत नाही. लंडनला धाडायच्या पत्रातून तेवढा तो वगळावा.