धुरासोबत जाणारी ऊब

थंडीच्या सकाळी गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवा आणि शेगडी पेटवल्याबरोबर त्याचं बूड बाहेरून बघा. क्षणभर त्यावर ओल धरलेली दिसेल. पातेलं गळत नसतं. ती ओल ज्योतीतून आलेली असते.

गॅसमधला हायड्रोजन जळला की त्याचं पाणीच होतं. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून थोडं जास्त पाणी तयार होतं. म्हणजे घरातलं १४.२ किलोंचं सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ किलो पाणी वाफ होऊन हवेत गेलेलं असतं, आणि प्रत्येक किलो वाफ आपल्यासोबत ५४० किलोकॅलरी अप्रकट उष्मा घेऊन जाते. तेवढ्या उष्णतेत १८ लिटरची बादली ३० अंशांनी तापते.

आपला तांब्याचा बंब घ्या. खाली जाळीवर निखारे, मधून उभी नळी, भोवती पाणी. नळीच्या तोंडातून निघणारा धूर हात धरवणार नाही इतका तापलेला असतो. जुन्या पद्धतीचा गॅस बॉयलरही धूर असाच गरम ठेवून बाहेर सोडतो, आणि तेही मुद्दाम. धूर निवला तर आत पाणी सुटतं, ते आम्लधर्मी असतं आणि लोखंड खातं.

कंडेन्सिंग बॉयलर नेमकं हेच पाणी सुटू देतो. न गंजणाऱ्या पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांमधून गार पाणी आत येतं, धूर सुमारे ५५ अंशांखाली निवतो आणि वाफेचा उष्मा त्या पाण्याला मिळतो. जुने बॉयलर गॅसमधल्या एकूण उष्णतेपैकी ७० ते ८० टक्के वापरतात, हे ९० टक्क्यांच्या आसपास जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५पासून, काही अपवाद सोडता, नवा गॅस बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो. तिथल्या मराठी घरांना भिंतीतून बाहेर जाणारी प्लॅस्टिकची बारीक नळी ठाऊक असेल. धुरातून सुटलेलं पाणी तिच्यातूनच वाहून जातं. कडाक्याच्या थंडीत ते नळीत गोठलं की बॉयलर बंद पडतो.

पण नुसतं यंत्र बदलून भागत नाही. घर तापवणाऱ्या नळ्यांतून पाणी ६० अंशांवर परत येत असेल, तर धूर पुरेसा निवणारच कसा? महागडा बॉयलर मग जवळजवळ जुन्यासारखाच चालतो. आत येणारं पाणी जितकं गार, तितका फायदा जास्त.

म्हणूनच मला मेळघाटातल्या सेमाडोह, चिखलदऱ्याकडचा विचार करावासा वाटतो. हिवाळ्यात तिथलं टाकीतलं पाणी गारठलेलं असतं आणि आंघोळीला चाळीसेक अंश पुरतात. या तंत्राला याहून सोयीची जागा कोणती? पर्यटकांच्या खोल्यांना एलपीजीवर पाणी तापवून देणाऱ्यांनी नवं यंत्र घेताना कंडेन्सिंग प्रकाराची चौकशी जरूर करावी. त्यातून निघणारं आम्लधर्मी पाणी मात्र चुनखडीच्या खड्यांवरून गाळूनच सोडावं. ते थेट सिपना नदीच्या वाटेला लागू नये.

चुलीचं गणित थोडं वेगळं आहे. लाकडाच्या धुरात काजळी आणि डांबर असतं, त्यामुळे तो निववणं घरगुती बंबात जमायचं नाही. पण वाफेचं नुकसान इथेही आहेच. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी उडवण्यातच त्याच्या उष्णतेचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो. शिवाय ओलं लाकूड धुमसतं आणि न जळलेले वायू धूर होऊन घरातल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातात. ही वाफ परत मिळवता येत नाही, पण ती आधीच घालवता येते, आणि तीही फुकट: उन्हाने.

सेमाडोह मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वाचलेली प्रत्येक मोळी जंगलाच्या खात्यात जमा होते. तेव्हा नियमात राहून आणलेलं सरपण उन्हाळ्यातच फोडून ठेवा, जमिनीपासून उचलून रचा, वारा खेळू द्या आणि पहिल्या पावसाआधी त्यावर छप्पर घाला.