*फुकटचं वाय-फाय जोडण्याआधी हे वाचा*



लिलाव होऊन पट्टी हातात पडेपर्यंत बाजार समितीत वेळ जातो. रेंज नसली की आपण वाय-फायची यादी उघडतो. 'मार्केट यार्ड फ्री' असं काही दिसलं की बोट तिकडे जातं. पण यादीतलं नाव ही नुसती पाटी असते, आणि पाटी कोणीही रंगवू शकतो. आपण हॉटस्पॉटला हवं ते नाव देतो, तसंच भामटाही देतो.

*१) ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा.* फुकट वाय-फाय सुरू करताना मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, ते नेहमीचंच आहे. पण मेसेजमध्ये बँकेचं किंवा व्हॉट्सॲपचं नाव असेल, तर तो ओटीपी वाय-फायचा नाही. टाकू नका. आधार, खाते क्रमांक किंवा यूपीआय पिन मागणारं पान लगेच बंद करा.

*२) काम झालं की 'नेटवर्क विसरा' दाबा.* फोन जुनं नाव लक्षात ठेवतो. त्याच नावाचं बिनपासवर्डचं वाय-फाय दुसरीकडे दिसलं, तर तुम्हाला न विचारता जोडला जाऊ शकतो. पैशाचा व्यवहार शक्यतो स्वतःच्या मोबाइल डेटावरच करा.

*३) ब्लूटूथ कामापुरतंच.* संकलन केंद्रावरचा काटा जोडताना चालू करा, मग बंद करा. आपण न मागता जोडणीची विनंती आली तर नकार द्या. २०१७ साली 'ब्लूबॉर्न' नावाच्या त्रुटी उघड झाल्या. ब्लूटूथ नुसतं चालू असलं, तरी जवळचा माणूस जोडणी न करता फोनमध्ये शिरू शकत होता. ती भोकं अपडेटनं बुजवली गेली. म्हणून फोनचं अपडेट टाळू नका.

*४) फोनचं नाव बघा.* ब्लूटूथचं पान उघडलं की आजूबाजूच्या फोनवर आपल्या फोनचं नाव दिसतं. त्यात पूर्ण नाव, गाव किंवा नंबर नको. 'क्विक शेअर'मध्ये 'सर्वजण'ऐवजी 'संपर्क' निवडा.

*५) परवानगी विचार करून द्या.* ब्लूटूथवर चालणाऱ्या यंत्राच्या ॲपला 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी लागते. नुसता बाजारभाव दाखवणाऱ्या ॲपला ती कशाला?

पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका. लगेच *१९३०* वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर सांगाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आपल्या कंपनीचा कोणीही माणूस ओटीपी किंवा पिन मागत नाही. घरातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.